भाड्याचं स्कूबा साहित्य अंगाला बसवायचं तर: बेळगावातून निघण्याआधीची तयारी

मालवणला किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला डाइव्ह करायला (पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारायला) जाणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेकांना साहित्य तिथेच भाड्याने मिळतं. ते तुमच्या मापाचं असेलच असं नाही. हवा भरून तरंगायचं जॅकेट खांद्यावरून घसरतं, मास्कचा पट्टा केस ओढतो, फिन (पायात घालायचं पोहण्याचं वल्हं) टाचेत ढिली पडते. यातलं बरंचसं घरी शिवलेल्या, लावून परत काढता येणाऱ्या चार वस्तूंनी निभावतं. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र), त्याच्या नळ्या, हवा भरायच्या-सोडायच्या झडपा आणि बुडण्यासाठी कमरेला बांधायच्या वजनाच्या पट्ट्याचं बकल यांना मात्र घरची सुई-कात्री लागता कामा नये.

आधी सामान. निओप्रीन, म्हणजे डाइव्हिंगच्या सूटचं फोमसारखं रबरी कापड, शोधत हिंडू नका. मेडिकलमध्ये मिळणारा गुडघ्याचा किंवा कमरेचा काळा पट्टा पुष्कळदा त्याचाच असतो. कापलेल्या कडेत मधे फोमसारखं रबर आणि दोन्ही अंगांना कापड दिसलं तर घ्या, नुसतं विणलेलं इलॅस्टिक असेल तर ठेवून द्या. जाडी ३ मिलिमीटर पुरे. २५ मिलिमीटर रुंदीची नायलॉन पट्टी दीड मीटर, पट्टी सरकवायची दोन प्लास्टिक बकलं, एक क्लिप आणि २० मिलिमीटरचं वेल्क्रो अर्धा मीटर एवढं बॅगा शिवणाऱ्याकडे एका फेरीत होतं. जुन्या सॅकची छातीवरची क्लिपही चालते. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा कुजतो. पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची जुनी ट्यूब मागून आणा. लोखंडी कडी, मग ती कितीही चकचकीत असो, घेऊच नका; मुलामा उडाला की खाऱ्या पाण्यात गंजते.

सगळ्यात जास्त वेळ छातीच्या पट्ट्याला द्या, कारण अरुंद खांद्याच्या माणसाला आणि बहुतेक बायकांना त्याचाच खरा उपयोग होतो. ३५ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा, प्रत्येकाला सरकतं बकल लावून खांद्याच्या पट्ट्याभोवती बसणारा फास करा. डाव्या फासाला ८ सेंटिमीटरच्या तुकड्याने क्लिपचा एक भाग शिवा, उजव्याला ४५ सेंटिमीटरच्या तुकड्यावर दुसरा, लांबी कमीजास्त होईल असा. कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर दोन धुण्यांत पिंजारतात. शिवण चौकोनी घाला आणि आत फुली मारा. घरच्या मशीनला १६ नंबरची सुई लागेल. डाव्या खांद्यावरून जॅकेटमध्ये हवा भरायची नळी येते. फास तिच्याखालून गेला पाहिजे. नळी फासात अडकली तर तिच्या टोकाचं हवेचं बटण वेळेवर हाताला येत नाही. पट्टा गळ्यापासून चार बोटं खाली ठेवा आणि छाती भरून श्वास घेता येईल इतकाच ओढा.

मास्कच्या पट्ट्यासाठी निओप्रीनचा २४ बाय ११ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, लांबीत दुमडून पट्ट्यावर गुंडाळा आणि कडेला वेल्क्रो शिवा. चिकटपट्टीचं वेल्क्रो पाण्यात सुटतं. टाका ४ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने निओप्रीनला भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते फाटतं. वेल्क्रोची काटेरी बाजू डोक्याकडे येऊ देऊ नका. मास्क गळतो म्हणून पट्टा आवळणं हा उलटा उपाय आहे: कड वाकते आणि आणखी पाणी येतं. मिशीचा मान राखायचा असेल तर निदान नाकाखालची तीन-चार मिलिमीटरची पट्टी तेवढी भादरा.

टाचेची गादी फिनवर चिकटवायची नाही, फिन दुसऱ्याची आहे. निओप्रीनच्या मोज्यावर, टाचेच्या बाहेरून, ८ बाय ६ सेंटिमीटरचा तुकडा लावा. चपला दुरुस्त करणारे वापरतात ते रबर सोल्यूशन दोन्ही पृष्ठांवर पातळ फासा, बोटाला चिकटेनासं झालं की दुसरा हात द्या, मग दाबून चोवीस तास ठेवा. हे काम आपल्याकडच्या जुलैत करू नका. हवेतला ओलावा सोल्यूशनवर बसतो आणि जोड पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळ्यात तसंही डाइव्हिंग बंद असतं, ऑक्टोबरात करा.

ट्यूबच्या २ सेंटिमीटरच्या चकत्या कापल्या की लोंबणारी पट्ट्यांची टोकं आवरायला कड्या तयार. आतली पावडर धुऊन टाका. वजनाच्या पट्ट्याचं टोक मात्र कडीत खोचू नका, तो एका ओढीत सुटून पडला पाहिजे. तो पाण्यात ढिला होतो याचं कारण बकल नव्हे: १० मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटमधलं निओप्रीन दबतं आणि कंबर बारीक होते. खाली उतरल्यावर पालथं होऊन एकदा आवळायचा.

निघण्याआधी दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवून सगळं रात्रभर बुडवा. समुद्राचा खारटपणा साधारण एवढाच असतो. सकाळी ओल्या हातांनी, डोळे मिटून, एका हाताने क्लिप उघडते का पाहा. उघडत नसेल तर ती वस्तू घरीच राहू दे. किनाऱ्यावर पोचल्यावर काय काय लावलंय ते प्रशिक्षकाला दाखवा आणि तो नको म्हणाला तर काढा.

परतीचा बेतही आत्ताच ठरवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे आंबोली किंवा चोर्ला घाट चढणं हे शरीरातल्या विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने उंचीवर जाणंच: डाइव्हमध्ये अंगात मुरलेला हा वायू हवेचा दाब घटला की बुडबुडे होऊन इजा करू शकतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास खालीच काढायचे, तेव्हा मुक्कामाची खोली आधी बुक करा.