होमस्कूलिंगच्या नावाखाली घरात कोंडलेल्या मुलांना मदत कशी करायची (अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी)

आधी एक क्लिअर करते, होमस्कूलिंग म्हंजे वाईटच असं अजिबात नाही, आपल्यातले पण काहीजण इथे मुलांना घरी शिकवतात आणि छान शिकवतात. मी बोलतेय ती घरं वेगळी आहेत. कट्टर ख्रिश्चन, बाप म्हणेल तीच देवाची इच्छा, पाठोपाठ आठ-दहा मुलं, मोठ्या मुलीने धाकट्यांना सांभाळायचं हेच तिचं शिक्षण, आणि उलट बोललं की मार, तोही बायबलचा दाखला देऊन. मी टेक्ससमध्ये राहते. मूल कधी शाळेत घातलंच नसेल तर इथे होमस्कूलिंगचं कुणाला कळवावंसुद्धा लागत नाही, सरकारी परीक्षा नाही, कुणी बघायला येत नाही. त्यामुळे ते मूल कसं जगतंय हे कळलंच तर शेजाऱ्याला कळतं, आणि तो शेजारी तुम्ही असू शकता.

पहिली गोष्ट, धर्मावर वाद घालू नका. त्या मुलांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की बाहेरचं जग सैतानाचं आहे, आणि आपण हिंदू वगैरे असलो तर आपल्याबद्दल काय सांगितलं असेल विचारूच नका. तुम्ही येशूबद्दल एक वाकडा शब्द काढलात की बापाचं म्हणणं खरं ठरलं, संपलं. साधं बोला, कुत्र्याबद्दल, बागेबद्दल, आणि घरी जाऊन तारीख टाकून लिहून ठेवा काय दिसलं, काय ऐकलं, कुठे वळ होते, त्याचा उपयोग पुढे सांगते.

मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर पुराव्याची वाट बघत बसू नका. टेक्ससमध्ये तर अशी शंका आली की रिपोर्ट करणं प्रत्येक माणसावर कायद्याने बंधनकारक आहे, राज्याच्या हेल्पलाइनचा नंबर १-८००-२५२-५४००, तुमचं नाव गुप्त राहतं. बाकी राज्यांत चाइल्डहेल्प ही मुलांच्या छळासाठीची हेल्पलाइन, १-८००-४२२-४४५३, मूल स्वतः पण फोन करू शकतं. आणि जीवावर बेतलं तर ९११, म्हंजे पोलीस-अँब्युलन्सचा नंबर. सिम नसलेल्या, सर्व्हिस बंद केलेल्या मोबाइलवरून पण ९११ लागतो हे त्या मुलाला माहीत असायलाच हवं. २०१८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावात १७ वर्षांच्या मुलीने खिडकीतून बाहेर पडून असल्याच फोनवरून ९११ लावला आणि १३ भावंडं सुटली, त्या घराची नोंद कागदावर प्रायव्हेट स्कूल म्हणून होती! मात्र १८ च्या आतलं पळून आलेलं मूल गुपचूप स्वतःच्या घरात ठेवू नका, तो गुन्हा होऊ शकतो, आधी पोलिसांना कळवा किंवा नॅशनल रनअवे सेफलाइनला (घरातून पळालेल्या मुलांची हेल्पलाइन), १-८००-७८६-२९२९.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. बाहेर पडायची हिंमत असते पण कागद नसतात म्हणून पोरं परत जातात. जन्म घरीच झालेला, कधीकधी नोंदच केलेली नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि नंबर नाही तर रीतसर नोकरी नाही, बँक नाही, लायसन्सपण अवघड. सज्ञान वय बहुतेक राज्यांत १८ आहे, अलाबामा आणि नेब्रास्कात १९, मिसिसिपीत २१. त्या वयाला राज्याच्या व्हायटल रेकॉर्ड्स (जन्म-मृत्यू नोंदणी) ऑफिसकडे जन्मदाखला मागायचा, नोंद नसेल तर उशिराच्या नोंदणीचा अर्ज करायचा. त्यासाठी पुरावे आत्तापासून जमवायला सांगा. सुईणीचं नाव, डॉक्टरकडे कधी नेलं असेल तर तो कागद, बाप्तिस्म्याचा दाखला. बऱ्याच घरांत मोठं फॅमिली बायबल असतं, त्याच्या पानांवर जन्म हाताने लिहिलेले असतात, त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा, जन्मदाखला नसेल तर पासपोर्टसाठी दुय्यम पुरावा म्हणून अशी नोंद चालते. टेक्ससमध्ये २०१५ पासून आई-वडिलांनी यासाठी लागणारी माहिती द्यायला नकार देणं हाच गुन्हा आहे, हेही सांगा.

मग शिक्षण. मी लायब्ररीत जीईडीसाठी (शाळा न करता बारावीच्या बरोबरीची परीक्षा) शिकवते, तिथे एक १९ वर्षांची मुलगी यायची, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय न अडखळता म्हणायची आणि पाव अधिक अर्धा किती म्हटलं की पेन खाली ठेवायची, कारण धाकटं भावंड झालं तेव्हा तिचं गणित थांबलं ते थांबलंच. हुशारीचा काही प्रश्न नव्हता हो, कुणी शिकवलंच नव्हतं. जीईडीचे चार विषय, प्रत्येकात १४५ लागतात, एकेक करून देता येतात, खान अकॅडमी ही शिकायची वेबसाइट फुकट आहे. लायब्ररीचाच कंप्युटर वापरायला लावा, घरच्या फोनवर बाप सगळं बघत असतो.

पुढे कॉलेजसाठी फॅफ्सा, म्हंजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म भरताना २४ च्या आत आई-वडिलांचं उत्पन्न मागतात, आणि ते देत नाहीत. इथे बरेचजण हरून घरी बसतात. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन डिपेंडन्सी ओव्हरराइड, म्हंजे आई-वडिलांचं उत्पन्न न धरण्याची सूट मागायची, घरात छळ झाला हे तिथे कारण म्हणून धरलं जातं, पण बहुतेकदा बाहेरच्या माणसाचं पत्र लागतं. ते पत्र तुम्ही लिहायचं, आणि तुम्ही तारखा टाकून लिहिलेलं तेव्हा कामाला येतं. बँकेचं खातं वेगळ्या बँकेत नवं काढायचं, जुन्यावर बापाचं नाव असेल तर पैसे त्याला काढता येतात. क्रेडिट रिपोर्ट पण बघायला सांगा, आपल्या सोशल सिक्युरिटी नंबरवर कुणी कर्ज काढलंय का ते, आणि तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) फ्रीझ करून टाकायचा, म्हंजे त्या नावावर नवं कर्ज निघत नाही, फुकट असतो.

बाहेर पडल्यावर ती मुलगी चर्चला जाईल, आईला फोन करेल, रडेल, करू द्या. रात्री फार वाईट विचार यायला लागले तर ९८८, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीची हेल्पलाइन. आणि धाकटे अजून आतच असतात हे विसरू नका, तिच्याकडून काही नवीन कळलं की नवा रिपोर्ट करा, आधीचा बंद केला असला तरी.