नाण्याचं घड्याळ करताय? या चुका टाळा

रविवारी जुन्या बाजारात चांदीचा रुपया घ्यायचा, संध्याकाळी त्याला भोक पाडायचं आणि सोमवारी मनगटावर मिरवायचं, ही घाई मला पटत नाही. पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. त्याचा डायल करायचा तर सबुरी हवी.

पहिली चूक घासण्याची. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, जे हाती लागेल ते. ज्या काळपटपणामुळे राजाच्या दाढीचा केस न् केस उठून दिसतो, तोच लोक घालवून बसतात. मी कोमट साबणपाण्यात नाणं बुडवतो आणि सुती कापडाने टिपतो. पुसत नाही.

त्याहून जास्त घोळ जाडीचा. रुपया दोन मिलिमीटरच्या पुढे, नेहमीचा डायल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मशीनची काटे बसवायची मधली दांडी तेवढी उंच नसते, म्हणून लेथवर नाण्याची मागची बाजू कातून उतरवावी लागते. ती पुरेशी उतरवायचा कंटाळा केला की काय होतं, ते कोथरूडच्या एका तरुणाच्या घड्याळात पाहिलं. तासातासाला ते एकाच जागी अडायचं आणि दुकानदार सेल बदलून देत राहिला. काचेतून आडवं पाहिल्यावर उलगडा झाला : मिनिटकाटा राजाच्या मुकुटावर घासत होता. सेल ठीक, मशीन ठणठणीत. काटे काढले, नाणं मागून आणखी उतरवलं, दांडी वर आली आणि काटा मोकळा फिरला. पुढचा उठाव मात्र कधीही घासू नका. मग नाणं घेतलंच कशाला?

भोकाचा मध्य चेहऱ्यावरून नाही, कडेवरून काढा. हातातल्या ड्रिलने तर मुळीच पाडू नका.

१९४७चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून खोटा ठरवू नका, तो निकेलचाच आहे. चांदीचा म्हणून घेतलेला चिकटला, तर मात्र परत करा.

मराठेशाहीतल्या अंकुशी रुपयाला किंवा १९११च्या जॉर्जला हात लावू नका. त्या वर्षी राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बरीच नाणी वितळवली गेली. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, त्यामुळे ते अमेरिकेतल्या भाच्याला पाठवता येत नाही. हौसेसाठी १९४० ते १९४५मधला सहावा जॉर्ज घ्या. त्यात चांदी निम्मीच असते.