रद्दीपासून हातकागद करताय? या चुका टाळा

तक्रारी नेहमी वाळणीवर येतात. पान घडीवर तुटतं, शाई फुटते, कोपरे वर वळतात. मग दोष जाळीला दिला जातो, प्रेसला दिला जातो, नाहीतर सोलापूरच्या उन्हाला. उन्हाचा वाटा असतो, पण मोठा घोटाळा बहुतेक वेळा रद्दी भिजत घालण्याआधीच झालेला असतो.

नवख्या माणसाला जाळी हातात घेऊन पान उचलायची घाई असते. रद्दी निवडायला बसवलं की तो अर्ध्या तासात उठतो. ज्याला निवडायचा कंटाळा आहे त्याने या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निवडायचं म्हणजे किमान चार ढीग करायचे: कॉम्प्युटरचा पांढरा कागद, वह्या, वर्तमानपत्रं आणि खोक्यांचा पुठ्ठा. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन (लाकडातले तंतू जोडून ठेवणारा घटक) राहिलेलं असतं, त्यामुळे त्याचा कागद उजेडात पिवळा पडतो. पांढऱ्या लगद्यात वर्तमानपत्र घातलंत तर तो पिवळेपणा सगळ्या मालात येतो. खोक्यांचा पुठ्ठा आपल्याकडे आधीच एक-दोनदा फिरून आलेल्या लगद्याचा असतो. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो आणि एकदा वाळलेला तंतू पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही. म्हणून नुसत्या पुठ्ठ्यापासून घडी सोसणारी पिशवी होईल ही आशा सोडा. त्यातून फाइलचं आतलं अस्तर, ट्रे, खेळणी होतात.

चहाचे कागदी कप, लॅमिनेशनची कार्डं, टेट्रापॅक, कार्बन पेपर, बटर पेपर, दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागद या ढिगांत येताच कामा नये. बिलाच्या कागदावर रसायनाचा थर असतो आणि तो पाण्यात उतरतो. शंका आली तर तुकडा फाडून कडा उजेडात धरा. नुसते तंतू दिसले तर घ्या, पातळ पापुद्रा ताणला गेला तर टाका. पुस्तकाचा कणा सोलत बसू नका, कटरवर एक सेंटीमीटर आत घेऊन सरळ कापून टाका. त्यातला गरम लावलेला डिंक पाण्यात विरघळत नाही. बीटरमध्ये, म्हणजे लगदा कुटणाऱ्या यंत्रात, त्याचे बारीक गोळे होतात, जाळीला नि कापडाला चिकटतात आणि प्रेसमधून निघताना पानाला भोक पाडतात. स्टेपलच्या पिना काढा हे सांगायची गरज नसावी, पण असते.

आता तुरटीबद्दल, कारण या एका चुकीने जितका माल वाया जाताना दिसतो तितका दुसऱ्या कशाने जात नाही.

शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळेचा साबण आणि तुरटी घालायची, ही जुनी रीत. जुन्या पुस्तिकांमध्ये तीच लिहिलेली आहे आणि शिकवणारेही तीच शिकवतात. पण आज कॉम्प्युटर प्रिंटच्या बहुतेक कागदात भरताड म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूच. तुरटी आम्लधर्मी. दोन्ही भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. टाकीवर फेस चढतो, पानात टाचणीएवढी भोकं पडतात आणि तुरटी खडूशी झगडण्यातच खर्च होते. राळ तंतूवर बसायला सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5 हवा. खडू तो सातच्या खाली टिकू देत नाही. त्यात पाणी बोअरचं असेल तर त्यातला क्षार राळेचा साबण आधीच फाडतो.

याचा शेवट ठरलेला आहे. मे महिन्यात शाळेच्या फाइल कव्हरची ऑर्डर येते. ऑफिसची रद्दी स्वस्तात मिळते म्हणून तीच घेतात. फेस दिसतो, तर कोणीतरी सांगतं की तुरटी कमी पडली. आणखी घालतात, फेस आणखी वाढतो. मग फेस वरून काढून टाकतात आणि काम पुढे रेटतात. पानं दिसायला चांगली येतात, इस्त्रीसारखी दाबून दिली जातात, पेनने लिहिलं की शाई चारी बाजूंनी पसरते. ऑर्डर परत. त्यानंतर नवऱ्या-सासूपासून सगळ्यांची बोलणी हे काम करणाऱ्या बचत गटातल्या बायकांना ऐकावी लागतात, आणि चूक असते रद्दीवर न जुळणाऱ्या कृतीची. याचा मला मनापासून राग येतो.

उपाय सोपा आहे. पेलाभर लगद्यात चमचाभर घट्ट तुरटीचं पाणी घालून ढवळा. बुडबुडे येत राहिले तर त्या मालाला तुरटी बंद. त्याला एकेडी (AKD) वापरा. राळेसारखंच शाई फुटू न देणारं हे रसायन सात ते साडेआठ सामूत चालतं. एक किलो कोरड्या लगद्याला पंधरा टक्के घनतेचं इमल्शन 15 ते 20 ग्रॅम, तेही पान उचलायच्या थोडं आधी, पाण्यात पातळ करून. मात्र याचा गुण त्याच दिवशी दिसत नाही. पान वाळल्यावर काही दिवस ठेवून मग शाईची परीक्षा घ्या. संध्याकाळीच पेन लावून ‘काम करत नाही’ म्हणत दुप्पट डोस घालणाऱ्यांची पानं पुढे एकमेकांवरून घसरतात, घड्यांचे गठ्ठे उभे राहत नाहीत. आणि एकेडीचा कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये चाळिशीपारच्या उष्णतेत ते लवकर मरतं. घरातल्या सावलीच्या खोलीत ठेवा, हवं तेवढंच विकत घ्या.

रद्दीला बळ द्यायला चिंधी घालावी हे बरोबर आहे. हातकागद मुळात चिंधीचाच. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागदी, म्हणजे हातकागद करणारे कारागीर, आजही होजिअरीच्या कापणीतल्या सुती तुकड्यांवर काम करतात. सोलापुरात तर टॉवेल-चादरीच्या कारखान्यांमुळे सुती चिंधीला तोटा नाही. घोळ होतो तो युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडची चिंधी उचलल्यावर. तिच्यात पॉलिस्टर असतं आणि पॉलिस्टरचा लगदा कधीच होत नाही. बीटर कितीही फिरवा, धागे तसेच राहतात, रोलवर गुंडाळतात आणि पानात केसासारखे दिसतात. प्रत्येक पोत्यातला एक धागा जाळून बघायची सवय लावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. सुती चिंधीचेही दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करा, बीटरमध्ये आधी तिला वेगळी फिरवा आणि मगच रद्दी मिसळा. दोन्ही एकदम टाकली तर चिंधी होईपर्यंत रद्दीचा चिखल होतो. त्या लगद्यातून पाणी गळत नाही आणि पान वाळताना आक्रसतं. वीस-तीस टक्के चिंधी पिशवीच्या कागदाला पुरते.

मिक्सरमध्ये चिंधी घालू नका. रद्दीसुद्धा लिटरभर पाण्याला मूठभरच.

टाकीतला लगदा पातळ ताकासारखा हवा, शंभर भाग पाण्याला एक भाग तंतू किंवा त्याहूनही कमी. जाडी डोळ्याने ठरवू नका. ए-फोर आकाराच्या 120 जीएसएम (चौरस मीटरला 120 ग्रॅम) पानाला साडेसात ग्रॅम कोरडा तंतू लागतो, म्हणजे एक टक्क्याचा लगदा पाऊण लिटर. मापाने ओतून पान करत असाल तर हे गणित भिंतीवर लिहून ठेवा. टाकीत बुडवून उचलत असाल तर दर पानागणिक तंतू कमी होतो. दर चार-पाच पानांनी मापाने भर घाला, नाहीतर गठ्ठ्यात खालचं पान पुठ्ठा आणि वरचं पतंगाचा कागद.

जाळीवरून ओलं पान उतरवायला टॉवेल वापरू नका. घरचाच माल म्हणून मोह होतो, पण त्याचे फासे ओल्या पानात रुततात आणि सोलताना पान फाटतं. मांजरपाट घ्या, पण मागावरून आलेला कोरा नको. त्यात खळ असते, ती पाणी शोषू देत नाही आणि पानाला चिकटते. आधी उकळत्या पाण्यात दोनदा धुवा.

प्रेस हळूहळू आवळा. पहिल्याच झटक्यात दाब दिला की पाणी पानाला चिरत बाहेर पडतं.

दाबलेली पानं थेट उन्हात पसरू नका. इथल्या कोरड्या हवेत कडा आधी वाळतात, मध्य ओला राहतो, आणि पान लाटेसारखं उठतं ते नंतर कॅलेंडरमध्येही (रुळांमध्ये दाबून कागद गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातही) सपाट होत नाही. सावलीत, दोरीवर, वाऱ्याचा झोत चुकवून वाळवा. पूर्ण खडखडीत होऊ देऊ नका, किंचित ओल असतानाच कॅलेंडरला घ्या.

पांढरेपणासाठी वर्तमानपत्राच्या लगद्यात ब्लीचिंग पावडर घालू नका, तो पांढरा होण्याऐवजी आणखी पिवळट होतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र तर कधीच आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो.

नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात टाकीचं पाणी ओतून देणं मला पटत नाही. कापडातून गाळा, तंतू परत लगद्यात घाला, पाणी पुढच्या भिजवणीला वापरा. गटारात गेलेला लगदा पाइपात साचून घट्ट बसतो, तेव्हा सांडपाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवाच. उरलेला लगदा पिळून गोळे करून ठेवा. उन्हाळ्यात पाण्यात राहिलेला लगदा एक-दोन दिवसांत आंबतो. आंबूस वास आलेल्या लगद्यापासून विकायचा कागद करू नका, धुतल्यावरही तो वास पानात राहतो.