परदेशात फौजदारी न्यायसुधारणेचे सल्लागार म्हणून काम करताना

आपल्या सरकारच्या वतीने दुसऱ्या देशात राहून तिथल्या फौजदारी न्यायव्यवस्थेला सल्ला देण्याचे काम बहुधा अनुभवी सरकारी वकिलांच्या किंवा न्यायाधीशांच्या वाट्याला येते. अमेरिकेच्या न्याय विभागाने या कामासाठी १९९१ साली स्वतंत्र कार्यालय उभे केले आणि त्याचे निवासी विधी सल्लागार सहसा दूतावासातून काम करतात. युरोपीय संघाच्या १९९८ पासून चालू असलेल्या ‘ट्विनिंग’ योजनेत मात्र सदस्य देशाचा अधिकारी थेट यजमान देशाच्या कार्यालयात किमान बारा महिने बसतो. बसण्याची जागा ही बाब किरकोळ नाही. दूतावासातल्या माणसाकडे परक्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते, तर मंत्रालयात बसणाऱ्याला रोजचा कारभार जवळून दिसतो, पण मंत्री बदलला की त्याचे दरवाजेही बंद होऊ शकतात. म्हणून नियुक्ती स्वीकारण्यापूर्वीच आपण कोणाला उत्तरदायी आहोत आणि आपले अहवाल यजमानांना दाखवले जाणार आहेत का, हे लेखी स्पष्ट करून घ्यावे.

निघण्यापूर्वी त्या देशाची राज्यघटना, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुराव्याचा कायदा आणि तुरुंगाचे नियम वाचावेत. वाचताना तपासावर नियंत्रण पोलिसांचे, अभियोक्त्याचे (म्हणजे सरकारी वकिलाचे) की स्वतः तपास करणाऱ्या तपासी न्यायाधीशाचे, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे. बाकीची रचना बरीचशी त्यावर अवलंबून असते.

पोहोचल्यावर पहिले काही आठवडे सल्ला देण्याचे टाळून न्यायालयात मागच्या बाकावर बसावे, आणि तेही राजधानीतल्या नव्या इमारतीत नव्हे, तर एखाद्या दुय्यम न्यायालयात. कोठडीच्या सुनावणीला आरोपी आत येतो तेव्हा त्याचा वकील त्याला आधी भेटला आहे का, अटक नेमकी कधी झाली हे कोणी विचारते का, लिपिक साक्षीदाराचे शब्द उतरवतो की न्यायाधीशांनी सांगितलेला सारांश, हे टिपून ठेवावे. त्यानंतर परवानगी घेऊन पोलीस ठाण्यातली अटकेची नोंदवही पाहावी. पानभर सगळ्या अटका नऊ, दहा, अकरा अशा ठोक वेळेला झालेल्या दिसल्या आणि हस्ताक्षर, शाई एकसारखी असली, तर नोंदी नंतर एका बैठकीत लिहिल्या असण्याची दाट शक्यता आहे. अशा ठिकाणी न्यायालयापुढे हजर करण्याची मुदत कायद्यात कितीही कडक केली, तरी ती कोणत्या क्षणापासून मोजायची हेच ठरत नाही. सुधारणेची सुरुवात मग संहितेच्या मसुद्यापासून न करता त्या नोंदवहीपासून करावी लागते.

कायदा एका तारखेला लागू होतो, पण तो चालवणारी माणसे त्या तारखेला तयार असतीलच असे नाही, आणि हे समजून घेण्यासाठी चिलीचे उदाहरण मला सर्वांत उपयुक्त वाटते. तिथे पूर्वी एकच न्यायाधीश तपास करी, आरोप ठेवी आणि निकालही देई. १९९७ मध्ये घटनादुरुस्ती करून स्वतंत्र अभियोग यंत्रणा निर्माण झाली, २००० मध्ये नवी प्रक्रिया संहिता आली आणि २००१ मध्ये सार्वजनिक बचाव वकिलांची संस्था स्थापन झाली. तरीही नवी पद्धत देशभर एकदम लागू केली नाही. डिसेंबर २००० मध्ये दोन प्रदेशांत ती सुरू झाली आणि राजधानी सांतियागोची पाळी जून २००५ मध्ये आली. मधल्या काळात आधीच्या प्रदेशांतल्या अडचणी पाहून पुढच्यांची तयारी करता आली. मेक्सिकोने २००८ च्या घटनादुरुस्तीत आठ वर्षांची मुदत ठेवली, तीही याच कारणासाठी. यजमान सरकार ‘पुढच्या वर्षी सर्वत्र’ असे म्हणत असेल, तर टप्प्यांचा आग्रह धरणे हे सल्लागाराचे कर्तव्य आहे, मग त्यामुळे मायदेशातल्या वरिष्ठांना दाखवायला यश उशिरा मिळाले तरी चालेल.

एखादी तरतूद आपल्याकडे चांगली चालते म्हणून ती सुटी उचलून देऊ नये. जॉर्जिया या देशात २००४ साली आरोपीने अभियोक्त्याशी तडजोड करून खटला संपवण्याची पद्धत आली. त्या काळात तिथे निर्दोष सुटण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. अशा परिस्थितीत आरोपीपुढे ठेवलेला पर्याय कितपत खुला म्हणायचा, हा प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या निकालात न्यायालयाने त्या प्रकरणात आरोपीच्या हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मानले नाही. मात्र आरोपीने परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून, स्वेच्छेने तडजोड स्वीकारलेली असावी आणि तिचा मजकूर व निष्पक्षता न्यायालयाने पुरेशी तपासावी, या अटी त्याने ठळकपणे मांडल्या. तडजोडीची तरतूद सुचवायचीच असेल, तर सक्षम बचाव वकील आणि ती नाकारू शकणारा न्यायाधीश या दोन्हींची सोय त्याच मसुद्यात मागावी.

मसुद्याची कलमे स्वतः लिहून देण्याचा मोह होतो, कारण त्याने काम लवकर होते. तो टाळावा. दोन-तीन देशांतल्या तरतुदी त्यांच्या परिणामांसह मांडाव्यात, मोजके प्रश्न विचारावेत आणि लेखणी स्थानिक समितीच्या हाती राहू द्यावी. संसदेत ते कलम ज्यांना समर्थून सांगायचे आहे, त्यांनीच ते लिहिलेले बरे. प्रशिक्षणातही न्यायाधीश, अभियोक्ते आणि बचाव वकील यांना एकत्र बसवून अभिरूप सुनावणी घ्यावी, कारण नुसती व्याख्याने फार काळ टिकत नाहीत. बचाव पक्षाला वगळलेला कार्यक्रम मला अपुराच वाटतो.

चालू खटल्यावर मत देऊ नये, खासगीतही नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे ४१ वे कलम यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे बंधन घालते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा एका मतामुळे न्यायालयाच्या स्वातंत्र्याविषयी आपण जे काही सांगितले असेल, ते सगळे फोल ठरते.

ज्यांना मदत करायची, त्यांच्याकडूनच कोठडीत मारहाण होत असल्याचे दिसले, तर मात्र गप्प बसता येत नाही. ब्रिटनने २०११ पासून परदेशातल्या सुरक्षा व न्यायविषयक मदतीपूर्वी मानवाधिकारांच्या धोक्याचे मूल्यमापन सक्तीचे केले आहे, आणि गंभीर मानवाधिकार उल्लंघनाची विश्वासार्ह माहिती असलेल्या सुरक्षा दलाच्या तुकडीला मदत देण्यास अमेरिकी कायदा मनाई करतो. दिसलेली गोष्ट तारीख आणि ठिकाण यांसह त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावी, पण माहिती देणाऱ्याचे नाव कागदावर आणण्यापूर्वी त्याच्या जिवाचा विचार करावा. तो मागे तिथेच राहणार असतो.

परतण्याच्या किमान सहा महिने आधी, आपल्या निधीतून चाललेली प्रत्येक बाब यजमान सरकारच्या अर्थसंकल्पात गेली आहे का, हे तपासावे. सुनावणीच्या ध्वनिमुद्रणाची यंत्रे दिली असतील, तर त्यांची दुरुस्ती कोण करणार, मुद्रणे किती वर्षे जपायची आणि त्यांची प्रत बचाव वकिलाला किती दिवसांत मिळणार, हे तिथल्या न्यायालय प्रशासनाच्या सहीच्या आदेशात आलेले असावे, आणि त्या आदेशाची प्रत जिल्ह्यातल्या लिपिकापर्यंत पोहोचल्याची खात्री स्वतः जाऊन करावी.