ग्रँट मागायची, तर आधी बागेचं कॅलेंडर बघा

नाशिकमध्ये एमबीबीएस करणारी किंवा नुकतीच कम्युनिटी मेडिसिनमधून एमडी झालेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: संशोधनासाठी सरकारी ग्रँट आपल्यासारख्यांना मिळते का? मिळते. पण ती दिल्ली-मुंबईच्या बड्या संस्थांसाठीच असते असं धरून बहुतेक जण अर्जच करत नाहीत.

शिकत असाल तर आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपपासून सुरुवात करा. 1979 पासून चालू असलेली योजना आहे. काम दोन महिन्यांचं, गाइड आपल्याच कॉलेजचा आणि वर स्टायपेंड. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या दारातच आहे. आयुर्वेद, नर्सिंगवाल्यांनी आधी तिथल्या संशोधन योजना बघाव्यात. नोकरीत कायम असाल तर आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधनासाठीच्या ग्रँटकडे वळा. त्यातली ‘स्मॉल’ ग्रँटसुद्धा 2 कोटींपर्यंत जाते, त्यामुळे नावावर जाऊ नका. कॉलेज खासगी असेल तर डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता आहे का, हे ऑफिसात आधीच विचारून ठेवा. सगळं प्रपोजल तयार झाल्यावर हा कागद नाही म्हणून अडकलेले लोक मी पाहिलेत.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस महिनाभर प्रस्तावना घासत बसतो आणि टाइमलाइन, बजेट शेवटच्या रात्री भरतो. माझं मत विचाराल तर प्रपोजल तिथेच पडतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांवर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो, हा विषय दर वर्षी कोणाला तरी सुचतो. विषय चांगलाच आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटाची कीटकनाशकं अंगात गेली की रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम दबतं, ते मोजता येतं. मात्र त्याची नॉर्मल पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की एकच नमुना घेऊन फारसं काही कळत नाही. त्याच माणसाची फवारणीआधीची पातळी हातात हवी. म्हणजे ही बेसलाइन ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी (फळासाठीची छाटणी) घ्यायला हवी, कारण छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात. सँक्शन लेटर नोव्हेंबरात आलं आणि पैसे जानेवारीत जमा झाले, तर ते वर्ष गेलंच. मजुरांच्या बऱ्याच टोळ्या पेठ-सुरगाण्याकडून येतात. काढणी उरकली, शिमगा जवळ आला की त्या घरी परततात. फॉलो-अप एप्रिलमध्ये दाखवला असेल तर तो दिंडोरीत नाही, सुरगाण्यात होणार, आणि त्याची गाडी बजेटमध्ये हवी. म्हणून टाइमलाइनमध्ये ‘महिना 1 ते 3’ एवढंच लिहून भागत नाही. पैसे उशिरा आले तर ते महिने कसे सरकतील, एक हंगाम हुकला तर काय करणार, हेही दोन ओळींत लिहा. गावात फिरलेला माणूस आणि गूगलवर फिरलेला माणूस यातला फरक परीक्षकाला तिथे दिसतो.

बजेटचंही तसंच. ‘फील्ड ट्रॅव्हल, एकरकमी’ असं लिहिलेलं पाहिलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. किती गावं, किती फेऱ्या, गाडीचा दर काय, नमुने बर्फात ठेवून नाशिकच्या लॅबपर्यंत आणायला किती वेळ, असं फोडून लिहा. साबण आणि पाण्याचे कॅनसुद्धा धरा. हातावर कीटकनाशकाचा अंश असेल तर बोट टोचून घेतलेल्या नमुन्याचा आकडा फसतो, म्हणून आधी हात नीट धुऊन घ्यावे लागतात आणि शक्यतो शिरेतूनच रक्त घ्यावं. नमुन्यासाठी मजुराची अर्धी रोजी बुडत असेल तर तिची भरपाई देता येते. मात्र रक्कम आमिष वाटेल इतकी नको, आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी.

ही कमिटी आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालते. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, शिवाय कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही सदस्य. तो सामान्य सदस्य बहुधा सगळ्यात नेमका प्रश्न विचारतो. संमतीपत्र पुस्तकी मराठीत नेऊ नका. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बाईला ते ऐकून काय कळलं, हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. वाचता येत नसेल तर अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार. अभ्यासात औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी सक्तीची आहे. नंतर करू म्हणून चालत नाही.

पैसे आल्यावरचं कोणी शिकवत नाही. ग्रँट हप्त्यांनी येते. पुढच्या हप्त्यासाठी खर्चाचं विवरण आणि जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) 12-ए या नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लागतं. पगाराच्या हेडमधले उरलेले पैसे किटवर आपल्या मनाने वळवता येत नाहीत, परवानगी घ्यावी लागते. खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याजही सरकारचंच, ते परत भरायचं असतं. तेव्हा अकाउंट्समधल्या माणसाची ओळख सँक्शन लेटर यायच्या आधीच करून घ्या आणि प्रोजेक्टची फाइल स्वतःच्या टेबलावर ठेवा. 31 मार्चच्या आठवड्यात तिथे कोणालाच वेळ नसतो.