डॅशवाली फाईल काही केल्या डिलीट होईना

लातूरला मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात लिनक्सचा जुना पीसी आहे. कुणीतरी स्कॅनला ‘-सातबारा’ असं नाव दिलेलं. डिलीट करायला गेलो तर आरएम (rm, फाईल काढायची कमांड) म्हणे, असा ऑप्शनच नाही! डॅशनं सुरू होणारं काहीही ते नाव नाही, ऑप्शन म्हणजे कमांडला दिलेली सूचना समजतं. अवतरणचिन्हांत घातलं, तरी तेच. ती चिन्हं शेल (आपण टाईप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधीच काढून टाकतं, आरएमला डॅश दिसतोच. शेवटी ‘आरएम -- -सातबारा’ लिहिलं. दोन डॅशनंतर ऑप्शन संपतात, पुढचं सगळं नाव. गेली एकदाची! ‘आरएम ./-सातबारा’ असंही चालतं, कारण मग सुरुवातीला डॅश येत नाही.

रिकामं फोल्डर आरएमडीआयआरनं (rmdir, फोल्डर काढायची कमांड) काढलं. भरलेल्याला ते हातच लावत नाही, म्हणून मला तेच बरं वाटतं. आरएमनं उडवलेलं कचरापेटीत सापडत नाही.

मामा मागून, "काय करायलास रे? माझा सातबारा गेला का काय?"