दात बसवायला निघण्याआधी

बाबांची कवळी आमच्या घरी स्टीलच्या डब्यात आहे, डबा फडताळात आहे, आणि बाबा वरणात भाकर कुस्करून खातात. चार वर्षं झाली. दोष कवळीचा नाही, डॉक्टरांचाही नाही, माझा आहे. कवळी हातात पडली आणि मला वाटलं, झालं काम. सोयाबीन सोंगणीला आलं होतं, मजूर मिळत नव्हते. "दोन दिवसांनी दाखवा, मग आठवड्यानं," हे डॉक्टरांचं बोलणं बसस्टँडवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं होतं. खाली डाव्या बाजूला हिरडीला टोचायचं. बाबा म्हणाले, "मले टोचते ते, ठेवून दे तिकडं." ठेवून दिली.

आता मायची पाळी आहे. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, मामा, आजकाल कवळी कोण लावते, चार इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, अख्खी ओळ पक्की बसवतात. माय म्हणते, मले काही नको. या दोघांच्या मध्ये उभा राहून ही यादी लिहितोय.

आधी कॅलेंडर. पैसे नंतर. साध्या पूर्ण कवळीलाच पाचेक फेऱ्या लागतात: पहिलं माप, पक्कं माप, चावा, मेणात दात लावून बघणं, आणि मग कवळी. आर्वीहून वर्धा पन्नासेक किलोमीटर, त्यात आमच्या गावाची बस बेभरवशाची, म्हणजे एका फेरीला एक दिवस गेला. दंत महाविद्यालयात (सावंगीला आहे, अमरावतीला आहे, नागपुरात शासकीय आहे) खर्च कमी पण फेऱ्या जास्त, कारण काम विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्पा सरांना दाखवतात. ते चांगलंच आहे, पण दिवस धरा. आणि या फेऱ्यांना "कवळी मिळेपर्यंतच्या" फेऱ्या म्हणा. त्यानंतरच्या वेगळ्या मोजा. मी मोजल्या नव्हत्या.

त्यानंतरच्या म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण याच ठिकाणी मी फसलो. नवी कवळी कुठे ना कुठे टोचतेच. डॉक्टर आत पांढरी पेस्ट लावून बसवतात, काढून बघतात. जिथं पेस्ट दाबून पुसली गेली असेल तिथं दोन मिनिटं मशीननं घासतात, की झालं. दोन मिनिटांचं काम. पण टोचलं की आपण कवळी काढून ठेवतो, चार दिवसांत फोड बरा होतो, आणि पाचव्या दिवशी गेलं तर डॉक्टरांना जागाच सापडत नाही. म्हणून दाखवायला जायच्या आदल्या दिवशी, निदान त्या दिवशी सकाळपासून तरी, दुखलं तरी कवळी तोंडात पाहिजे. घरी कानस किंवा सँडपेपर लावायचा नाही. आमच्या शेजाऱ्यांनी लावला, वरची कवळी धरायचीच बंद झाली, कारण ती टाळूला हवाबंद चिकटून राहते आणि कड गेली की हवा शिरते.

मी बाबांना परत नेलं ते सात महिन्यांनी. तोवर हिरडीच खाली बसली होती. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त. बाबांचे दात काढून महिन्याभरात माप घेतलेलं, ते मापच आता खोटं ठरलं होतं. रिलाइन, म्हणजे आतून भर घालून, करता आलं असतं. बाबा नाही म्हणाले. त्यांचा विश्वास उडाला होता, तो रिलाइन होत नाही.

कागद. साखरेची जुनी चिठ्ठी नको, एचबीए१सी करून न्या. ती मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, त्यामुळे आदल्या आठवड्यात चहा फिका पिऊन काही उपयोग नाही. इम्प्लांट करायचा तर डॉक्टर ती सात-आठच्या आत मागतात, कारण साखर वाढलेली असली की जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. कवळीच्या वेळीसुद्धा साखरेचा कागद मागतात, पण तिथं अडत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, आपल्या मनानं बंद करू नका.

आणि हाडांचं इंजेक्शन. हाडं ठिसूळ झाली म्हणून बायांना वर्षातून एकदा शिरेतून किंवा सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन देतात, काहींना आठवड्याची गोळी. घरी त्याला "ताकदीचं" म्हणतात आणि दाताच्या डॉक्टरला ते सांगायचं कुणाला सुचत नाही. ही औषधं चालू असताना दात काढला किंवा हाडात भोक पाडलं, तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून सडतं. क्वचितच, पण झालं तर फार वाईट. मायला विचारलं तर म्हणाली, नाही घेतलं. जुन्या पिशवीत चिठ्ठी सापडली: मागच्या वर्षीचं. तेव्हा पिशवी अख्खी न्या, निवडून नको.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना. यावर मी भाषण देत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतोच. सुपारीनं गालाची कातडी आतून दोरीसारखी ताठ होते. आरशासमोर उभं राहा, आपलीच तीन बोटं उभी करून दातांच्या मधून घालून बघा. दोनच जात असतील तर मागच्या बाजूला ड्रिल पोचायला अडचण, मापाचा ट्रे घालायलाही अडचण, आणि ती तपासणी दातांच्याही आधी करायला हवी, कारण त्या ताठपणातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू चालू ठेवून इम्प्लांट करायचा तर पैसे नाल्यात टाकल्यासारखं आहे. मायचा गुडाखू आहे, दाताला लावायचा तंबाखू. बोलणं चालू आहे.

आता भाच्याचं म्हणणं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, जबड्याच्या हाडात. हाड टायटॅनियमला जोडून घेतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर काम करताना दिसलं, आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाला बसवले. पूर्ण ओळीसाठी एका जबड्यात चार ते सहा लागतात. चावायला कवळीशी तुलनाच नाही. कवळीनं मूळ दातांच्या चौथाईइतकाही जोर येत नाही. रोडगे, फल्ली, हुरडा हे सगळं इम्प्लांटवाल्यांचं. खोटं कशाला बोलू. पण "त्याच दिवशी दात" हे ऐकून फसू नका. त्या दिवशी मिळतात ते तात्पुरते. पुढे हाड धरेपर्यंत मऊच खायचं, पक्के दात तीन-सहा महिन्यांनी. आणि नंतरच्या फेऱ्या इथंही आहेतच, उलट जन्मभर: स्क्रू ढिला होतो, खालून घाण साचते, हिरडी सुजते, हाड हळूहळू जातं आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. सहा महिन्यांनी दाखवायला नेणारा घरात कोण आहे, त्याचं नाव आधी ठरवा. नाव नसेल तर इम्प्लांट नको. कवळी बिघडली तर डब्यात जाते, हा बिघडला तर जबड्यात राहतो.

मधला रस्ता कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारा. खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी खटकन बसणारी, काढता येणारी कवळी. खालची कवळी जिभेनं उचलली जाते, खरा त्रास तिचाच असतो. वरची टाळूच्या जोरावर राहते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात तज्ज्ञ बसले होते, त्यांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं. बटणातलं नायलॉन झिजतं, अधूनमधून बदलावं लागतं. म्हणजे परत फेरी. आणखी एक: न हलणारे दोन-तीन दात उरले असतील तर सगळे उपटायची घाई करू नका. त्यांच्या मुळांवर कवळी टेकवता येते का, विचारा.

पैसे: कवळी हजारांत, इम्प्लांट लाखांत. लिहून घ्या. भाव एका जबड्याचा की दोन्हींचा, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) धरून की वेगळा, दात काढणं, हाडाची भर, तात्पुरते दात, पक्के दात, आणि (हे मी विचारलं नव्हतं) बसवल्यावरच्या फेऱ्यांचे पैसे लागतात का. कापूस विकून एकदम भरू असं म्हणू नका, टप्प्यानं द्या. इम्प्लांटची कंपनी, माप आणि नंबर असलेलं स्टिकर फाइलवर चिकटवून मागा, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर त्याला कोणता स्क्रू आहे ते कळेल.

मेणात दात लावून दाखवतात त्या दिवशी बाबांना सोबत न्यायचं. माय डॉक्टरसमोर "बरं आहे" शिवाय काही बोलत नाही. दात लांब वाटतात का, "स" नीट म्हणता येतो का, त्या दिवशी बदलता येतं, नंतर नाही. जुना हसरा फोटो असेल तर घ्या. आमच्याकडे लग्नातला एकच आहे आणि त्यात ती हसत नाही.

घरी: झाकणाचा डबा, मऊ ब्रश, साधा साबण. पेस्ट नको, ओरखडे पडतात. गरम पाणी नको, वाकडी होते. रात्री काढून पाण्यात. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं, मोरीच्या फरशीवर पडली की दोन तुकडे. पहिले दिवस मऊ खिचडी, दोन्ही बाजूंनी चावायचं. पेरूच्या बिया कवळीखाली जातात. ऑपरेशनच्या दिवशी एसटी नको, गाडी सांगून ठेवा. बाकी डॉक्टर सांगतील ते.

तारखा. मायचं फेब्रुवारीत धरलंय, वेचा संपलेला, लग्नं सुरू व्हायची. वर साधी कवळी, खाली दोन इम्प्लांट, हाडांच्या इंजेक्शनवर डॉक्टर काय म्हणतात त्यावर. कवळी मिळण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहिला नाही. त्याच्या दोन दिवसांनंतरचा लिहिला, आठवड्यानंतरचा लिहिला, महिन्यानंतरचा लिहिला, लाल पेननं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "माही कवळी बी घेऊन जाशील काय, पाहू एकडाव."